कोरडवाहू शेतीतील बहुउपयोगी वृक्ष आणि त्यांची पारख

देशातील लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे निम्मे क्षेत्र आजही पावसावर अवलंबून आहे. अशा जमिनीत पिकांसोबत वृक्ष राखण्याची पद्धत जुनी असली, तरी कोणता वृक्ष कोठे लावावा याचा शास्त्रशुद्ध अभ्यास स्वातंत्र्यानंतरच सुरू झाला. जोधपूर येथे १९५२ मध्ये मरुभूमी वनीकरण केंद्र स्थापन झाले. १९५९ मध्ये त्याचेच रूपांतर केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत, म्हणजेच 'काझरी'त झाले. कृषिवानिकीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९८३ पासून राबवला जात आहे.

चाचणीत एकाच वयाची रोपे सारख्या अंतरावर लावून किती जगली, त्यांची उंची किती वाढली, बुंध्याचा घेर किती झाला याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या जातात. मोठ्या झाडाचा व्यास जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात. मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने एवढी मापे पुरेशी नाहीत. खोडापासून निरनिराळ्या अंतरांवर पीक किती आले, हीच खरी कसोटी होय.

पश्चिम राजस्थानातील दोन वृक्षांवरून हे स्पष्ट होते. इस्रायली बाभूळ १९५८ मध्ये भारतात आणण्यात आली. तिची वाढ स्थानिक वृक्षांहून वेगाने झाली आणि वाळूच्या टेकड्या स्थिर करण्यास ती उपयुक्त ठरली. परंतु तिची मुळे वरच्या थरात दूरवर पसरत असल्याने ती पिकाच्या वाट्याच्या ओलाव्यावर हक्क सांगते. याउलट खेजडी, म्हणजे दसऱ्याला महाराष्ट्रात पुजली जाणारी शमी, अतिशय सावकाश वाढते. केवळ उंची पाहिली असती, तर ती पहिल्या काही वर्षांतच नापास ठरली असती. तिचे सोटमूळ खोलवरचे पाणी शोधते, गळलेल्या पानांनी जमीन सुधारते आणि तिच्याखाली बाजरी, मूग, मटकी तग धरतात.

खेजडीचा पाला 'लूंग' म्हणून जनावरांना चारतात, तर कोवळ्या शेंगांची 'सांगरी' ही भाजी मारवाडात प्रसिद्ध आहे. मात्र दरवर्षी हिवाळ्यात संपूर्ण छाटणी केलेल्या झाडाला शेंगा धरत नाहीत. चारा की सांगरी, हा निर्णय शेतकऱ्यालाच घ्यावा लागतो. बिकानेर येथील संशोधकांनी विकसित केलेल्या 'थार शोभा' या वाणाला कलम केल्यामुळे शेंगा लवकर येतात.

घाईच्या निवडीचे फटकेही देशाने अनुभवले आहेत. सुबाभूळ चारा व इंधनासाठी झपाट्याने पसरली. १९८८ मध्ये तिच्यावरील सिलिड ही रस शोषणारी कीड भारतात पोहोचली आणि दक्षिणेत झाडे निष्पर्ण झाली. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात खारेपणा रोखण्यासाठी १९६० च्या दशकात लावलेली विलायती बाभूळ आज गवतावरच अतिक्रमण करीत आहे. रोप जगणे आणि ते शेतात उपयोगी पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

खेजडीही आता संकटमुक्त नाही. ट्रॅक्टरच्या नांगरटीने मुळे तुटतात, भूजल खाली जाते आणि दुबळ्या झाडांवर मुळे पोखरणारी अळी व बुरशी हल्ला करते. अनेक जिल्ह्यांत जुनी झाडे वाळली असून शेतात नवी रोपे क्वचितच राखली जातात. २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण स्वीकारणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. मात्र पूर्ण उत्पन्नासाठी दहा-पंधरा वर्षे थांबावे लागणारे झाड लावायला अल्पभूधारक शेतकरी सहजासहजी धजावत नाही.