मार्केट ड्रेटन : क्लाइव्हचें बाजारगांव

इंग्लंडच्या पश्चिमेस, वेल्सला लागून असलेल्या श्रॉपशायर परगण्यांत टर्न नांवाच्या लहानशा नदीकांठीं मार्केट ड्रेटन हें बाजाराचें गांव वसलें आहे. तिसऱ्या हेन्रीच्या काळीं, १२४५ सालीं, येथें बाजार भरविण्याची सनद मिळाली. तो बुधवारचा बाजार आजहि भरतो. आसपासचा मुलूख गाईंच्या कुरणांचा. लोणी व चीज विकावयास बसणाऱ्या शेतकऱ्यांच्या बायकांसाठीं १८४२ सालीं खांबांवर उभारलेलें छप्पर अद्याप कायम आहे. १६५१ च्या आगींत गांवाचा बराच भाग भस्मसात झाला. लांकडी चौकटींचीं जीं जुनीं घरें प्रवाशास मोह घालतात, तीं बरीचशीं त्यानंतरचीं. सुंठ घालून भाजलेल्या जिंजरब्रेडचा येथील लोकांस मोठा अभिमान. येथवर हें गांव इंग्लंडांतल्या दुसऱ्या अनेक गांवांसारखेंच होय.

मराठी श्रोत्यानें थबकावें तें सेंट मेरीच्या चर्चपाशीं. त्याच्या मनोऱ्यावर चढून एक द्वाड मुलगा बाहेर डोकावणाऱ्या दगडी राक्षसमुखावर खुशाल बसला होता, असें सांगतात. कांचा फोडूं नयेत म्हणून हा मुलगा व त्याचे सवंगडी दुकानदारांकडून पैसे उकळीत, अशीहि दंतकथा आहे. चौथाईचाच हा प्रकार म्हणावयाचा! तो मुलगा म्हणजे रॉबर्ट क्लाइव्ह. त्याचा जन्म १७२५ सालीं जवळच्याच स्टाइच येथें झाला, आणि १७४३ सालीं कंपनीचा कारकून म्हणून तो मद्रासेस निघाला.

प्लासीची लढाई सर्वांस ठाऊक आहे. पण तिच्या आधीं, फेब्रुवारी १७५६ मध्यें, हाच क्लाइव्ह विजयदुर्गापाशीं होता. वॉटसनच्या आरमारानें समुद्रांतून तोफा डागल्या. पेशव्यांच्या फौजेआधीं किल्ला आपल्या हातीं यावा म्हणून क्लाइव्ह रातोरात जमिनीवर उतरला. तुळाजी आंग्र्याचें आरमार जळून गेलें, आणि कान्होजीच्या काळापासून कोंकण किनाऱ्यावर नांदलेली सत्ता मोडली. आंग्र्याविरुद्ध खुद्द पेशव्यांनींच १७५५ मध्यें इंग्रजांशीं करार केला होता, ही गोष्ट इंग्रजांच्या विजयापेक्षां अधिक बोचते. किल्ल्यांत सांपडलेली सुमारें दहा लाख रुपयांची लूट मात्र इंग्रजांनीं आपसांतच वांटून घेतली.

हिंदुस्थानांत मिळविलेल्या पैशावर क्लाइव्हनें स्टाइचचें वडिलोपार्जित घर नव्यानें बांधविलें. १७७४ च्या नोव्हेंबरांत लंडन येथें त्याचा अंत झाला. त्यानें आत्महत्या केली असें बहुतेक मानतात. स्टाइचजवळच्या मोर्टन से या खेड्यांतील चर्चमध्यें त्याला पुरलें. कबरीवर त्याच्या नांवाचा दगड नाहीं. आंत भिंतीवर एक लहानशी पाटी तेवढी आहे, आणि बाहेर शेतें व कुरणें.