खातेदारांची कुरकुर

बी.बी.सी.ची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानमालिका १९६३ साली सुरू झाली आणि १९८९ साली बंद पडली. निळ्या पोलीस-पेटीत बसून काळाच्या सफरी करणारा हा डॉक्टर २००५ साली पुन्हा अवतरला, तेव्हा जुने भक्त ओवाळायला नव्हे, तपासणीला बसले. आमच्या काउंटरवर जुना खातेदार नवं पासबुक उलटसुलट करून बघतो ना, तस्सं! डॉक्टर कातडी जाकीट काय घालतो, सोबतीला पॉप गाणारी पोरगी कशाला, आणि पहिल्याच भागात कचऱ्याचा डबा माणूस गिळून चक्क ढेकर काय देतो!

हसा खुशाल, पण आधी जमाखर्च बघा. साठ-सत्तरच्या दशकांत बी.बी.सी.नं या मालिकेच्या कितीतरी फिती पुसून टाकल्या. फीत महाग, नि जुनं पुन्हा कोण बघणार? तरी हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शाबूत आहे, कारण काही पोरांनी घरी टेपरेकॉर्डर लावून तो टिपून ठेवला होता. म्हणजे ठेव साहेबांनी बुडवली, राखली खातेदारांनी! त्यांनी ढेकरावरून दोन शब्द सुनावले तर निमूट ऐकावेत.

पुढे आठवडाभरातच बातमी आली, हा नट एवढा एकच हंगाम करून जाणार. झालं! जाकिटाला नावं ठेवणारेच हळहळायला लागले.