गिरणीच्या दारातला जॉबर आणि लिंक्डइनवरचा रिक्रूटर

कंपन्यांत माणसे भरणाऱ्या रिक्रूटर मंडळींना सोशल मीडियावरचा शिष्टाचार शिकवणारे धडे हल्ली भरपूर मिळतात. उमेदवाराला रात्री-अपरात्री मेसेज करू नका, नाकारले असेल तर तसे कळवा, त्याच्या सध्याच्या साहेबाला सुगावा लागेल असे काही जाहीर लिहू नका. सगळे योग्यच आहे. पण उमेदवाराचे फेसबुक उघडून तुम्ही नेमके काय शोधता, हा प्रश्न या धड्यांत नसतो. आपल्या मुलामुलींना मात्र तोच प्रश्न छळतो. नोकरी लागेपर्यंत प्रोफाइलवरचा बाबासाहेबांचा फोटो काढावा का? १४ एप्रिलची पोस्ट लपवावी का? आडनावाऐवजी नुसते आद्याक्षर लिहावे का?

ही भीती फेसबुकने जन्माला घातलेली नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत माणसे भरायचे काम जॉबर करायचा. सकाळी गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या गर्दीतून कोणाला आत घ्यायचे, कोणाला बदलीवर ठेवायचे आणि कोणाला घरी पाठवायचे, हे तोच ठरवी. तो आपल्या गावचा, नात्यातला, जातीतला माणूस आधी बघे. वर दस्तुरी घेई ती वेगळीच. मालकाला हे सोयीचे होते. १९३१ साली शाही श्रम आयोगाने अहवाल दिला, त्यात जॉबरच्या हातातून कामगार नेमण्याचे आणि काढण्याचे अधिकार घ्यावेत असे स्पष्ट सुचवले होते.

पण आपल्या लोकांचे दुखणे जॉबरपाशी संपत नव्हते. विणाई खात्यात, म्हणजे साचाखात्यात, मजुरी जास्त. आणि नेमके तेच खाते अस्पृश्यांना बंद. कारण काय, तर कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार कसा हाती धरणार? यंत्र विलायती, विटाळ मात्र देशी! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि ही बंदी उठवण्याची मागणी यादीत घालायला लावली. पुढाऱ्यांनी ती घातली, पण नाखुशीने. मालकांनी हात झटकले: हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. हे उत्तर लक्षात ठेवा. आजही ‘टीममध्ये जमेल का, हे बघावे लागते’ असे म्हणत तेच दिले जाते.

लष्करभरतीचीही तीच कथा. कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महारांना १८९० च्या दशकात भरतीचे दार बंद झाले. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी केला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. शौर्य सिद्ध करून झाले होते, तरी जातीचा शिक्का आधी वाचला गेला.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या कलम १६ ने सरकारी नोकरीतला हा भेद निषिद्ध ठरवला. खासगी कंपनीच्या दाराशी मात्र ते कलम थांबते. तिथे काय चालते? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश भरले, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. हा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या एचआर व्यवस्थापकांशी बोलणे केले. सगळे गुणवत्तेची भाषा बोलत होते, आणि उमेदवाराला ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ही विचारत होते. वडील काय करतात, भावंडे काय शिकली, कुठे वाढलात, हे सगळे.

तेव्हा निदान विचारावे तरी लागत होते. आता विचारायचीही गरज उरली नाही. लग्नाचे फोटो, गावाचे नाव, दीक्षाभूमीवरची सेल्फी, मित्रयादीतली आडनावे, सारे एका बोटावर. उमेदवाराला आपली झडती झाली हे कळतही नाही. गिरणीच्या दारात जॉबर निदान दिसत तरी होता. त्यात ‘ओळखीतला कोणी असेल तर सांगा’ अशी पोस्ट पडते. रिक्रूटरच्या ओळखी आपल्या वस्तीपर्यंत पोचलेल्याच नसतील, तर ती पोस्ट आपल्या मुलांना दिसणार कधी?

‘सार्वजनिक ठेवलेले बघितले तर बिघडले काय?’ असे कोणी म्हणेल. घराचे दार उघडे दिसले म्हणून कोणी आत शिरून देव्हारा तपासत नाही. कामाशी संबंध असलेले प्रोफाइल बघा, उमेदवाराला सांगून बघा. निकष अर्ज उघडण्याआधी कागदावर लिहा. निवड करणाऱ्यापुढे अर्ज जाण्याआधी नाव, आडनाव आणि फोटो झाका. आडनाव लिहिले नसेल तर ‘पूर्ण नाव काय?’ असा खोदून प्रश्न नेमणूकपत्र देईपर्यंत विचारू नका. ओळखीतून माणूस घ्यायचा असेल तर तीच जागा उघड जाहिरातीतही टाका. आणि आपल्या तरुणांनी मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे आले, की भरतीधोरणात सोशल मीडिया तपासण्याबद्दल काय लिहिले आहे, ते शांतपणे विचारावे.