गुलाबांची हिमनदी

सियाचेन म्हटलं की आपल्याला बर्फ आणि बंदुका आठवतात. पण नाव गुलाबाचं आहे. बाल्टी भाषेत 'सिया' म्हणजे रानगुलाब आणि 'चेन' म्हणजे मुबलक. बर्फावर अर्थातच गुलाब उगवत नाहीत. हिमनदीच्या मुखातून नुब्रा नदी निघते, तिच्या खोऱ्यात ही झुडपं दिसतात. म्हणजे हे नाव खाली, वस्तीत राहणाऱ्या माणसांचं.

पूर्वेला काराकोरमची मुख्य रांग, पश्चिमेला साल्टोरोची, आणि मधल्या दरीत सुमारे ७६ किलोमीटर लांब बर्फ. १९०९ मध्ये टॉम लाँगस्टाफ पश्चिमेकडून बिलाफोंड ला ओलांडून इथे उतरला, तेव्हा ही हिमनदी नकाशात दाखवतात त्याहून कितीतरी लांब आहे हे बाहेरच्या जगाला कळलं. १९१२ मध्ये फॅनी बुलक वर्कमन ही अमेरिकन बाई सर्व्हेअर घेऊन थेट वरच्या टोकापर्यंत गेली. (तिथे सुमारे २१,००० फुटांवर 'स्त्रियांना मताधिकार द्या' असा मथळा असलेलं वर्तमानपत्र हातात धरून तिने फोटो काढून घेतला. कमाल बाई!) तिथल्या एका खिंडीला तिने 'इंदिरा कोल' नाव दिलं. ही इंदिरा म्हणजे लक्ष्मी. इंदिरा गांधींचा जन्म त्यानंतर ५ वर्षांनी झाला.

नावं अशी नेमकी, सीमा मात्र मोघम. १९४९ च्या कराची करारात युद्धबंदी रेषा एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत आखली आणि पुढे लिहिलं: तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत. बस्स. वर कोण जाणार, असं वाटलं असावं. आमच्या धंद्यात अशी ओळ स्पेसिफिकेशनमध्ये राहिली, की प्रत्येक टीम आपल्या सोयीचा अर्थ लावते. इथेही तेच झालं. काही अमेरिकन नकाशांनी त्या बिंदूपासून थेट काराकोरम खिंडीपर्यंत रेघ ओढली आणि अख्खी हिमनदी पाकिस्तानात दाखवली. असा एक नकाशा कर्नल नरेंद्र कुमार यांच्या हाती लागला आणि १९७८ मध्ये ते मोहीम घेऊन सियाचेनवर गेले.

१३ एप्रिल १९८४ ला भारतीय सैन्य साल्टोरोच्या खिंडींवर उतरलं. मोहिमेचं नाव 'मेघदूत'. कालिदासाचा ढग आपल्या रामटेकहून हिमालयाकडे निघतो, असं मानतात. नाव सुचवणाऱ्याला दाद द्यायला हवी, पण तिथे गोळ्यांपेक्षा थंडीने आणि हिमप्रपातांनीच जास्त माणसं मारली. २०१२ मध्ये साल्टोरोच्या पश्चिमेला, गयारीत पाकिस्तानचे १४० जण गाडले गेले. २०१६ मध्ये सोनम चौकीवर आपले १० जवान.