सर्किट बेंडिंग आणि लाइव्ह व्हिज्युअल्स : खेळण्याच्या पोटात हात घालून शिकायची इलेक्ट्रॉनिक्स

२२ जुलै २०२१ ला महाडमध्ये सावित्रीचं पाणी शिरलं, तेव्हा आमच्या घरातला लहान मुलांचा एक सेलवरचा कीबोर्डही चिखलात गेला. धुऊन, महिनाभर वाळवून त्यात नवे पेन्सिल सेल टाकले, तर 'सा' च्या जागी किंकाळी आणि दोन बटणं एकत्र दाबली की इंजिनासारखी घरघर! कारण साधं होतं. बोर्डावर चढलेल्या गंजाने आणि गाळाने जिथे जोडणी नव्हती तिथे जोडणी केली होती. पुराने जे नकळत केलं, तेच जाणूनबुजून, हळूहळू आणि पुन्हा काढता येईल असं केलं, की त्याला सर्किट बेंडिंग म्हणतात.

सर्किट बेंडिंग म्हणजे नक्की काय?

कमी व्होल्टेजच्या, सेलवर चालणाऱ्या खेळण्याचा बोर्ड उघडायचा, त्यावरचे दोन बिंदू वायरने जोडून बघायचे आणि जो वेगळा आवाज येईल तो स्विच किंवा नॉब लावून हाताशी ठेवायचा. सर्किटचा नकाशा नसला तरी चालतं. आधी ऐकायचं, 'असं का झालं?' हा प्रश्न नंतर.

अमेरिकेतल्या रीड गझाला यांना १९६० च्या दशकात, शाळेत असताना, हे अपघाताने सापडलं. उघडा पडलेला छोटा अँप्लिफायर टेबलाच्या खणातल्या धातूला लागून शॉर्ट झाला आणि सिंथेसायझरसारखा वाजू लागला. 'सर्किट बेंडिंग' हे नाव त्यांनीच १९९२ मध्ये रूढ केलं. निकोलस कॉलिन्स यांचं 'हँडमेड इलेक्ट्रॉनिक म्युझिक' हे २००६ चं पुस्तक अशा कार्यशाळांमध्ये आजही वापरलं जातं.

हे सगळं परदेशातलंच, असं मात्र नाही. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्या भारतीय कलाकारांनी त्यावर काम केलं. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात पाबळचा विज्ञान आश्रम १९८३ पासून 'हाताने करत शिका' हीच पद्धत राबवतो आहे.

पहिला दिवस : आवाज

माणशी एक खेळणं (३ सेल, म्हणजे ४.५ व्होल्ट), स्क्रूड्रायव्हर, क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी, सोल्डरिंग आयर्न आणि १ मेगाओहमचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायला असतो तसा नॉब. एवढ्यावर काम भागतं.

१. खेळणं उघडा. सेलचे प्लस-मायनस कुठे येतात ते मार्करने खुणा करून ठेवा. हे दोन बिंदू एकमेकांना कधीही जोडायचे नाहीत.
२. खेळणं वाजत ठेवा आणि ओलसर बोट बोर्डाच्या मागच्या बाजूने फिरवा. आवाज जिथे बदलेल तिथे तुमचं शरीरच रेझिस्टर झालेलं असतं.
३. तो बिंदू क्लिपने दुसऱ्या बिंदूंना जोडून बघा. खेळणं अडकलं तर सेल काढून परत घाला. बहुतेक वेळा ते सुधारतं. कधीकधी कायमचं जातं, म्हणून मोडलं तरी चालेल असंच खेळणं आणायचं.
४. वेगाचा रेझिस्टर शोधा. अनेक स्वस्त खेळण्यांत चिपची गती एका रेझिस्टरवर ठरते. तो काढून तिथे पॉट लावा आणि पॉटच्या जोडीला, एकामागे एक, १० किलोओहमचा रेझिस्टर ठेवा. रोध कमी केला की आवाज चढतो, वाढवला की उतरतो.
५. प्रत्येक प्रयोग वहीत लिहा : कोणता बिंदू कुठे जोडला, काय ऐकू आलं. आठ जणांच्या वह्या शेजारी ठेवल्या की सर्किटचा नकाशा आपोआप तयार होऊ लागतो.

खेळणं मिळालं नाही तर ४०१०६ ही चिप घ्या. एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावला की ती आवाज काढते. १०० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतलं, तर साधारण १०० हर्ट्झच्या आसपासचा जाडसर सूर मिळतो. रेझिस्टरच्या जागी प्रकाशानुसार बदलणारा एलडीआर लावा, मग हाताची सावली टाकून वाजवता येतं.

दुसरा दिवस : चित्र

लाइव्ह व्हिज्युअल्स म्हणजे आधी एडिट केलेला व्हिडिओ नव्हे. आवाज चालू असताना त्याच क्षणी चित्र घडवायचं. सोपा रस्ता हायड्रा. ऑलिव्हिया जॅक यांनी बनवलेलं हे मोफत साधन ब्राउझरमध्ये चालतं. एक ओळ कोड लिहिली की पट्टे येतात, पुढे दुसरं फंक्शन जोडलं की त्यांचं कॅलिडोस्कोप होतं. मायक्रोफोनची परवानगी दिली की आवाजातले खालचे आणि वरचे सूर वेगळे करून त्यावर चित्राचा आकार, वेग, रंग हलवता येतो. मृदंगाची थाप पडली की वर्तुळ फुगेल आणि झांज वाजली की रंग बदलेल, असं बांधता येतं. पान एकदा नीट उघडलं की पोलादपूरच्या पावसात नेट गेलं तरी काम चालतं. फक्त रिफ्रेश दाबायचं नाही.

हे नियम मोडायचे नाहीत

- भिंतीच्या प्लगवर चालणारी कोणतीही वस्तू उघडायची नाही. २३० व्होल्ट जीव घेतात.
- जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही तर अजिबात नाही. प्लग काढल्यावरही आत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.
- पुरात भिजलेला अडॅप्टर किंवा फुगलेली मोबाइल बॅटरी कार्यशाळेत आणायची नाही.
- स्पीकरची वायर थेट मोठ्या अँप्लिफायरला जोडायची नाही. मध्ये कपॅसिटर आणि रेझिस्टर लागतात, नाहीतर मंडळाचा अँप्लिफायर जाईल.
- पडद्यावर सेकंदाला ३ पेक्षा जास्त वेळा उघडझाप नको. प्रेक्षकांत कुणाला प्रकाशाने फिट येऊ शकते.
- सोल्डर करताना खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा.

महाड-पोलादपुरात याचा काय उपयोग?

गावात जत्रा आहे, गणपती आहे, शिमगा आहे, जाखडीचे फड आहेत. लाइट आणि साउंड मात्र भाड्याने येतो, आणि ऑपरेटर सोडून त्याला कुणी हात लावत नाही. शाळेतल्या मुलीने स्वतः बांधलेला आवाज आणि स्वतः लिहिलेलं चित्र गावच्या फडामागे दिसलं, तर तिच्यासाठी 'डबा' उघडा झाला. इथून जवळच लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, पण तिथे जाण्याआधीच हात चालू झालेला असेल तर ओहमचा नियम पाठ करावा लागत नाही. तो तिने पॉट फिरवून ऐकलेला असतो.

उरलेले बोर्ड आणि सेल मात्र कचऱ्यात किंवा नदीत जाऊ देऊ नका. एका पेटीत जमा करा आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. सावित्री परत येते, आणि आपण टाकलेलं घेऊनच येते.