अनामवीरांचे पहारेकरी

वॉशिंग्टनलगत, पोटोमॅक नदीच्या पैलतीरी आर्लिंग्टन येथे १८६४ मध्ये यादवी युद्धातील मृत सैनिकांसाठी दफनभूमी सुरू झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर पडलेल्या एका अनोळखी अमेरिकन सैनिकाला ११ नोव्हेंबर १९२१ रोजी तेथेच समाधी देण्यात आली. तिच्यावर १९२६ पासून दिवसा लष्करी पहारा बसला. १९३७ पासून तो अहोरात्र अखंड चालू आहे. १९४८ पासून हे काम ‘ओल्ड गार्ड’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या तिसऱ्या पायदळ रेजिमेंटकडे आहे.

पहारेकरी २१ पावले चालतो, वळून २१ सेकंद निश्चल उभा राहतो आणि पुन्हा २१ पावले परततो. हा आकडा २१ तोफांच्या सलामीचा. बंदूक नेहमी प्रेक्षकांच्या बाजूच्या खांद्यावर असते. पहाऱ्याच्या वेळी त्याच्या गणवेशावर हुद्द्याची खूण नसते. समाधीतील सैनिकाचा हुद्दा अज्ञात असल्याने पहारेकऱ्याने त्याच्याहून वरचढ दिसू नये, हा त्यामागील संकेत.

व्हिएतनाम युद्धातील अनामवीराला १९८४ मध्ये येथे विसावा मिळाला. १९९८ मध्ये डीएनए चाचणीने ते वायुदलातील लेफ्टनंट मायकेल ब्लासी असल्याचे सिद्ध झाले आणि त्यांचे अवशेष कुटुंबीयांच्या स्वाधीन करण्यात आले. ती जागा रिकामीच ठेवण्यात आली. पहाऱ्यात मात्र खंड पडला नाही.

हुद्द्याची पाटी जिवापाड जपणाऱ्या कचेऱ्यांत प्रस्तुत लेखकाची उमेदीची वर्षे गेली. म्हणूनच, नाव हरवलेल्या सोबत्यासाठी आपला हुद्दा उतरवून ठेवणाऱ्या या पहारेकऱ्यांपुढे मस्तक आपोआप लवते.