यात्सुगाताके: कोसळलेल्या डोंगराचा इतिहास

ज्वालामुखी विझला की त्याची गोष्ट संपली, असं समजणाऱ्यांना मी यात्सुगाताकेची गोष्ट सांगते. भूगोल शिकवताना जपानच्या या डोंगररांगेत मी फार गुंतले. आगीपेक्षा कितीतरी मोठा घाव तिथल्या माणसांवर घातला तो ढासळत्या कड्याने.

नागानो आणि यामानाशी या प्रांतांच्या सीमेवर ही रांग उत्तर-दक्षिण सुमारे 30 किलोमीटर पसरली आहे. नात्सुझावा खिंडीच्या दक्षिणेला आकादाकेसारखी (2,899 मीटर) उभी, धारदार शिखरं. उत्तरेला गोलसर माथे, तळी आणि शेवाळलेलं दाट जंगल. दक्षिणेकडचे ज्वालामुखी आधी थंडावले, म्हणून पाऊस-बर्फाने जास्त कोरले गेले. उत्तरेच्या योकोदाकेची नोंद तिथल्या हवामान खात्याच्या जागृत ज्वालामुखींच्या यादीत आजही आहे.

लोककथा म्हणते, हा डोंगर एकेकाळी फुजीहून उंच होता. वाद मिटवायला दोन्ही शिखरांवर पन्हळ टेकवून पाणी सोडलं. ते वाहिलं फुजीकडे. संतापलेल्या फुजीच्या देवीने याचा माथा फोडला आणि आठ शिखरं झाली. ही कथा मला प्रिय आहे, कारण डोंगर खरोखरच फुटलेला आहे. लाव्हा, राख आणि सुटे दगड थरांवर थर रचून उभा राहिलेला हा उतार. आतल्या उष्ण वाफेने खडकाची माती होत जाते आणि मग वरचा भार पेलत नाही. सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी दक्षिणेकडचा असाच प्रचंड भाग निखळला आणि दगडमातीचा लोंढा कोफू खोऱ्यापर्यंत पोचला. नद्यांनी तो कापत नेला आणि शिचिरिइवा ही कड्यांची लांबलचक भिंत उरली. 1581 मध्ये सरदार ताकेदा कात्सुयोरीने तिच्यावर शिनपू किल्ला उभारला आणि पुढच्याच वर्षी शत्रू चालून येताना तो स्वतः पेटवून सोडला.

माणसांच्या नोंदींत सापडणारी पडझड मात्र इ.स. 887 ची. त्या ऑगस्टमध्ये मोठा भूकंप झाला, रांगेची पूर्वेकडची बाजू कोसळली आणि चिकुमा नदी अडली. डोंगरात सरोवरं साचली. पुढच्या वर्षी बांध फुटला आणि खालच्या खोऱ्यांतली शेतं, वस्त्या पुराच्या वाळूखाली गेल्या. पूर्वी या कोसळण्याचा दोष 888 मधल्या ज्वालामुखीच्या उद्रेकाला देत. पण ढिगाऱ्यात गाडलेल्या झाडांच्या खोडांतली वर्तुळं मोजली, तेव्हा ती झाडं 887 मध्येच मेली होती हे कळलं. मला हा पुरावा कुठल्याही बखरीपेक्षा मोलाचा वाटतो. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरात, कोउमी, उमिनोकुची, उमिजिरी अशी पाण्याची आठवण सांगणारी गावं आहेत, ती त्या सरोवरांमुळेच, असं मानलं जातं.

आज कोउमी रेल्वेमार्ग याच खोऱ्यातून जातो. प्रवासी 1,345 मीटरवरच्या नोबेयामा स्थानकावर फोटो काढतात, कारण जपान रेल्वेचं ते सर्वांत उंच स्थानक. तुम्ही गेलात तर तिथूनच परत फिरू नका. पुढे मात्सुबाराको स्थानकावर उतरा आणि चढण चढून त्याच नावाच्या तळ्यापर्यंत जा. ते तळं त्याच 887 च्या ढिगाऱ्याने अडवलेलं आहे.